पाच अक्षरी इंग्रजी शब्द आठवतच नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही साताऱ्याला असता, मराठी माध्यमातून शिकलात आणि सातवीतल्या मुलीबरोबर रोज रात्री वर्डल, म्हणजे सहा चालींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, खेळता. परवा पहिला शब्द 'स्टेअर' लावला, म्हणजे एस-टी-ए-आर-ई. एस आणि टी राखाडी झाले (शब्दात नाहीत), ए आणि आर पिवळे (आहेत, पण वेगळ्या जागी), शेवटचा ई हिरवा (जागाही बरोबर). त्यानंतर वीस मिनिटे विचार करून 'अवेअर' हा एकच शब्द सुचला आणि तोही चुकला. मुलीने मात्र पटकन शब्द सांगितला. 'माझा शब्दसंग्रहच कमी आहे का, याद्या पाठ करू का, की शब्द शोधून देणाऱ्या साइट वापरू?' असे तुम्ही विचारले आहे.

शब्दसंग्रह कमी नाही. त्या क्षणी रोजच्या वापरातले सात शब्द शिल्लक होते आणि ते सातही तुम्हाला माहीत आहेत. शेवटी ते आपण एकेक करून काढू. ते आठवले नाहीत, कारण तुम्ही कानाने शोधत होतात. मी बावीस वर्षे स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी इंग्रजी शब्द मांडायचा खेळ, खेळतो आहे आणि डोंबिवलीत दर शनिवारी शाळकरी मुलांना शिकवतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईबाबांची गाडी नेमकी इथेच अडते.

आपण ज्याला अक्षर म्हणतो आणि इंग्रजीत ज्याला अक्षर म्हणतात, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मराठी शब्दकोड्यात 'महाराष्ट्र' चार चौकोनांत बसतो: म, हा, रा, ष्ट्र. तोच शब्द इंग्रजीत लिहायला अकरा चौकोन लागतात. 'थ्रू' आपल्या दृष्टीने एक अक्षर, इंग्रजीत टी-एच-आर-ओ-यू-जी-एच अशी सात. 'स्ट्रेंग्थ्स'मध्ये नऊ अक्षरे आहेत आणि स्वर फक्त एक. आपली लिपी बोललेले लिहिते, म्हणून लहानपणापासून शब्द आठवायचा म्हणजे त्याचा आवाज आठवायचा, अशी सवय लागते. ए, आर, ई दिसले की आपल्या मनात 'एअर' असा आवाज उमटतो आणि डोके त्या आवाजाचेच शब्द शोधत बसते: अवेअर, शेअर, स्पेअर, केअर. 'लार्ज' मनात येत नाही, कारण 'लार्ज'मध्ये ना 'ए' ऐकू येतो ना 'ई'. तुमच्या मुलीने पटकन शब्द सांगितला, कारण ती इंग्रजी डोळ्यांनी वाचून वाढते आहे. पन्नाशीत ही सवय लागत नाही असे समजू नका. माझ्या वर्गात एका मुलाबरोबर त्याचे आजोबा येऊन बसायचे, दोन महिन्यांत ते नातवाच्या बरोबरीने शब्द काढू लागले.

म्हणून पहिला नियम असा की शोधताना शब्द उच्चारायचा नाही. वहीत पाच घरे आखा, ठरलेले अक्षर त्याच्या घरात लिहा, आणि 'असलेली पण जागा न ठरलेली' अक्षरे वर लिहून प्रत्येकाखाली ती कुठे नाहीत ते नोंदवा. ही शेवटची नोंद बहुतेक लोक करतच नाहीत. पिवळा रंग दोन गोष्टी सांगतो: हे अक्षर शब्दात आहे, आणि या घरात नाही. तुमचा ए तिसऱ्या घरात पिवळा होता आणि आर चौथ्या घरात. 'अवेअर'मध्ये ए तिसऱ्या घरात आहे, आर चौथ्यात. तो शब्द लावण्याआधीच बाद झालेला होता.

आता घरे भरायची कशी? पाच घरांत सव्वीस अक्षरे वाटेल तशी मांडली तर १,१८,८१,३७६ मांडण्या होतात. मूळ वर्डल त्यांतल्या १२,९७२ मांडण्या शब्द म्हणून स्वीकारत असे, म्हणजे नऊशेंत साधारण एक. बाकीच्या सगळ्या फुकट जातात, कारण इंग्रजी स्पेलिंग वरवर बेशिस्त वाटले तरी कोण कोणाशेजारी बसणार याबाबत ते फार कर्मठ आहे. या शेजाराच्या सवयी शिकायच्या. हजारो शब्द पाठ करण्यापेक्षा हे काम खूपच छोटे आहे.

आरचेच घ्या. शब्दाच्या सुरुवातीला दुसऱ्या घरात आर असेल तर पहिल्या घरात बी, सी, डी, एफ, जी, पी, टी यांतला एक असतो, क्वचित डब्ल्यू किंवा के, नाहीतर सरळ एखादा स्वर. एल दुसऱ्या घरात असेल तर त्याच्या आधी बी, सी, एफ, जी, पी, एस किंवा एखादा स्वर. टी-एल किंवा डी-एलने सुरू होणारा रोजच्या वापरातला शब्द नाही. एसचे मैत्र सगळ्यांत मोठे: सी, एच, के, एल, एम, एन, पी, क्यू, टी, डब्ल्यू. शेवटच्या जोड्या वेगळ्या असतात. एन-डी, एन-टी, एन-के, एन-जी, एम-पी, एल-टी, आर-टी, आर-के, एस-टी, एस-के, सी-के, सी-एच, एस-एच, टी-एच या शेवटी येतात. त्यांतल्या एन-जी किंवा सी-केने नेहमीचा शब्द सुरू होत नाही. व्हीने शब्द सहसा संपत नाही, त्याच्यामागे ई चिकटतोच: गिव्ह, हॅव, ब्रेव्ह, कर्व्ह. क्यू दिसला की पुढच्या घरात यू लिहून मोकळे व्हा, अपवादांचे पुढे बोलू.

पाच अक्षरी शब्दांचे साचेही मोजकेच आहेत. दोन व्यंजने, स्वर, व्यंजन आणि मुका ई: क्रेन, ग्रेप, स्माइल. दोन व्यंजने, स्वर, दोन व्यंजने: ब्लँक, ट्रस्ट. दोन व्यंजने, दोन स्वर, व्यंजन: ट्रेन, क्लाउड, ब्रेड, ब्लड. व्यंजन, दोन स्वर, दोन व्यंजने: पॉइंट, बीस्ट. व्यंजन, स्वर, व्यंजन आणि मागे ई-आर: पेपर, वॉटर, टायगर. व्यंजन, स्वर, दोन व्यंजने आणि वाय: पार्टी, फनी. एवढ्यांत फार मोठा भाग येतो. मुलांना मी हे साचे रिकाम्या घरांनी फळ्यावर काढून देतो आणि प्रत्येकात वीस शब्द भरायला लावतो. पहिल्या दिवशी त्यांना तासभर लागतो, महिन्याभराने दहा मिनिटे.

मुक्या ईबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण आपल्याला तो कधीच ऐकू येत नाही. वर्डलच्या मूळ उत्तरांत शेवटच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा येणारे अक्षर ई आहे, त्यानंतर वाय. पहिल्या घरात सगळ्यांत जास्त एस. मात्र शेवटच्या घरात एस जवळजवळ नसतो, कारण नुसता एस लावून केलेली अनेकवचने उत्तर म्हणून घेतलेलीच नव्हती. अंदाज म्हणून ती चालतात, उत्तर म्हणून येत नाहीत. स्क्रॅबलमध्ये याच्या उलट, तिथे शेवटचा एस सोन्याचा.

याद्या पाठ करण्याबद्दल. वर्डल जॉश वॉर्डल यांनी आपल्या जोडीदारासाठी बनवला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. मूळ उत्तरांची यादी २,३१५ शब्दांची होती, आणि ती कशी झाली हे लक्षात ठेवण्यासारखे आहे: वॉर्डल यांच्या जोडीदाराने पाच अक्षरी शब्दांची भली मोठी यादी वाचून ओळखीचे आणि अनोळखी वेगळे केले. नंतर टाइम्सने तीत बदल केले, पण स्वभाव तोच राहिला. म्हणजे उत्तर हा सर्वसाधारण वाचकाला माहीत असलेलाच शब्द असतो. त्यासाठी दुर्मीळ शब्द घोकण्यात वेळ घालवू नका.

एकाच अक्षराची पुनरावृत्ती लोक विसरतात. तीन अक्षरे कळली की उरलेल्या दोन घरांत नवीनच अक्षरे असतील असे मन गृहीत धरते. ए, आर, ई, जी कळले तर 'अग्री' सुचायला उशीर लागतो, कारण त्यात ई दोनदा आहे. शब्द सुचेनासा झाला की कळलेले प्रत्येक अक्षर आणखी एकदा घालून बघायचे, ही सवयच लावून घ्या.

दुसरा धोका एकाच कुळातल्या शब्दांचा. शेवटची चार घरे आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली की आनंद होतो, पण फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट असे सहा भाऊ समोर उभे असतात. 'एट' आणि 'टाइट' आधीच बाद झाले आहेत असे धरू. एकेक लावत बसलात तर चाली संपतील. अशा वेळी उत्तर नसलेला शब्द मुद्दाम लावावा, उदाहरणार्थ 'फिल्म्स'. त्यात एफ, एल, एम, एस चारही आहेत. एखादा रंगला तर उत्तर कळले, एकही नाही रंगला तर एन आणि आर एवढेच उरले. एका चालीत सहाचे जास्तीत जास्त दोन झाले. खेळाच्या कठीण प्रकारात असे करता येत नाही, कारण तिथे कळलेली अक्षरे वापरावीच लागतात. मुलीबरोबर खेळताना तो प्रकार बंद ठेवा.

स्क्रॅबलची गोष्ट वेगळी. तिथे घरे आपली नसतात, सात सोंगट्या हातात असतात आणि त्यांतून जमेल तेवढा लांब शब्द काढायचा असतो. हा खेळ रचणारे आल्फ्रेड बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. जागतिक मंदीत त्यांचे काम गेले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवरची अक्षरे मोजली आणि त्या हिशोबाने सोंगट्या ठरवल्या. शंभरांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, एन, आर, टी सहा-सहा, क्यू आणि झेड एकेक. एस मात्र मुद्दाम चारच ठेवला, नाहीतर अनेकवचने करूनच डाव संपला असता. ही वाटणी माझ्या मते इंग्रजी अक्षरांची सर्वांत सुटसुटीत शिकवणी आहे. कुठल्या अक्षराचा शब्द आधी शोधावा हे ती सांगते: सर्वांत अवघड अक्षराभोवती शब्द बांधा, सोपी अक्षरे आपोआप जागा शोधतात.

सात सोंगट्या हातात आल्या की आधी शेपटे वेगळी काढा. आय-एन-जी, ई-आर, ई-डी, ई-एस-टी, आय-ई-आर, आय-ओ-एन यांतले काही आहे का बघा आणि असेल तर उजवीकडे सरकवून ठेवा. मग पुढचे आर-ई, यू-एन, ओ-यू-टी, एम-आय-एस बघा. उरलेल्या तीन-चार अक्षरांचा शब्द डोळ्यांना दिसतो. शब्दकोड्यातही हेच चालते. सूत्र भूतकाळात असेल तर शेवटी पेन्सिलीने ई-डी लिहून ठेवा, अनेकवचन असेल तर एस. दहांत आठ वेळा ते बरोबर निघते, आणि आडव्या शब्दाला एक-दोन अक्षरे फुकट मिळतात.

अनुभवी खेळाडू अक्षरे वर्णानुक्रमे लावून ठेवतात, त्याचे कारण सांगतो. 'रिटेन्स'ची अक्षरे क्रमाने लावली तर ए-ई-आय-एन-आर-एस-टी होतात. 'नॅस्टियर', 'रेटिनाज', 'स्टेनर' यांचीही हीच ओळ होते. म्हणजे एक ओळ ओळखता आली की चार शब्द हाती येतात. एस-ए-टी-आय-एन-ई या सहा अक्षरांना तर जवळजवळ कोणतेही सातवे अक्षर जोडून शब्द होतो. डी जोडला तर 'इन्स्टेड', 'स्टेन्ड', 'डिटेन्स'. जी जोडला तर 'सीटिंग', 'टीझिंग'. के जोडला तर 'इन्टेक्स'. झेड जोडला तर 'झेनिएस्ट'. सातही सोंगट्या एकदम लावल्या तर पन्नास गुण जास्तीचे मिळतात, म्हणून पाठ करायचेच असेल तर अशा सहा-सहा अक्षरांच्या मुळ्या पाठ कराव्यात.

स्वर हातात नसतील तर वायकडे वळा: क्रिप्ट, निम्फ, लिम्फ, जिप्सी, पिग्मी, ट्रिस्ट, आणि सहा अक्षरी 'ऱ्हिदम'. वायसुद्धा नसेल तर वेल्श भाषेतून आलेले 'कूम' (सी-डब्ल्यू-एम) आणि 'क्रूथ' (सी-आर-डब्ल्यू-टी-एच) हे दोन लक्षात ठेवा. स्क्रॅबलला दोन्ही चालतात.

आणि आता आपल्या माणसांना मी नेहमी सांगतो ती गोष्ट. इंग्रजी स्पेलिंगच्या सवयी जिथे मोडतात, तिथे पुष्कळदा आपलाच शब्द उभा असतो. मूळचे इंग्रजी शब्द आय, यू किंवा जेवर सहसा संपत नाहीत. स्क्रॅबलच्या कोशात मात्र साडी, रोटी, धोती, राणी, गुरू, राज आहेत. राणी तर आर-ए-एन-आय असेही चालते आणि आर-ए-एन-ई-ई असेही. लोकमान्यांच्या तोंडून घराघरांत गेलेले 'स्वराज' सहा अक्षरांनी आणि शेवटच्या जेसह तिथे आहे. 'फकीर' क्यू घालून लिहिता येतो, एफ-ए-क्यू-आय-आर, आणि त्या क्यूला यू लागत नाही. 'मुंगूस' तर मराठीतूनच गेला, पोर्तुगीजांच्या मार्गे, आणि इंग्रजीत 'माँगूस' झाला. लाख, क्रोर, पैसा, घाट, वकील हेही चालतात. मराठी माध्यमातले मूल स्पर्धेत हे शब्द बेधडक लावते, तेव्हा समोरचा इंग्रजी शाळेतला मुलगा आधी कोश तपासायला लावतो. कोश आपल्या बाजूने असतो. हे सगळे वर्डलच्या कामाचे नाही, पण मुलगी स्क्रॅबलकडे वळली तर तिला जरूर सांगा.

साइटबद्दल. वापरा, पण खेळ संपल्यावर. मी स्वतः मुलांसाठी प्रश्नसंच काढताना संगणकावरच शब्द शोधतो. शब्दांची साधी यादी एक्सेलच्या एका रकान्यात टाकली, शेजारच्या रकान्यात 'लेन' सूत्राने लांबी काढली, की फिल्टर लावून हवी ती लांबी मिळते. फिल्टरमध्ये माहीत नसलेल्या प्रत्येक जागेसाठी एक प्रश्नचिन्ह टाकायचे. लिनक्स किंवा मॅक असेल तर 'ग्रेप' ही आज्ञा त्याहून वेगवान. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास लिहिलेली ही आज्ञा आजही अशा कामाला चपळ आहे. तिच्यात अज्ञात जागेसाठी टिंब, ओळीच्या सुरुवातीसाठी टोपीचे चिन्ह, शेवटासाठी डॉलरचे चिन्ह. ही दोन टोके लावली नाहीत तर पाच अक्षरी नमुना दहा अक्षरी शब्दाच्या पोटातही सापडतो. 'हे अक्षर हवेच, कुठेही' यासाठी एका ग्रेपचे उत्तर दुसऱ्या ग्रेपला द्यायचे, प्रत्येक अक्षरासाठी एक. नको असलेली अक्षरे चौकटी कंसात टोपीमागे लिहायची.

यात मी एकदा चांगलाच फसलो. सात अक्षरी शब्द मागितले तर यादीत सगळे सहा अक्षरी आले, आणि मी ती न तपासता छापून मुलांना दिली. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा चिन्ह असते. लिनक्सवर टिंबाने त्यालाही अक्षर म्हणून मोजले. तेव्हापासून कुठलीही यादी वापरण्याआधी मी ती चिन्हे काढतो, सगळी अक्षरे लहान लिपीत आणतो, आणि ज्यांत अपॉस्ट्रॉफी किंवा जोडरेघ आहे त्या ओळी उडवतो. मॅकमध्ये आयती मिळणारी यादीही जपून वापरा. ती १९३४ च्या वेबस्टर कोशावरून केलेली आहे, सुमारे २,३५,००० शब्दांची. तीत जुनेपुराणे शब्द भरपूर आहेत, पण साधी अनेकवचने बहुतेक नाहीत. मूल कोशातला शब्द बरोबर लावते आणि आपण 'यादीत नाही' म्हणून चूक देतो, असे होऊ देऊ नका.

आता तुमचा परवाचा डाव. ई पाचव्या घरात पक्का. ए तिसऱ्यात नाही, आर चौथ्यात नाही, एस-टी नाहीत. ए चौथ्या घरात ठेवला तर शेवटी ए-ई येते, आणि आर असलेला असा नेहमीचा पाच अक्षरी शब्द नाही. म्हणजे ए पहिल्या किंवा दुसऱ्या घरात.

ए दुसऱ्यात ठेवू. आर पहिल्यात असेल तर आर-ए, दोन घरे, ई: 'रेंज'. आर तिसऱ्यात असेल तर एक व्यंजन, ए-आर, एक व्यंजन, ई. चौथ्या घरात जी, सी, व्ही फिरवा: 'लार्ज', 'बार्ज', 'फार्स', 'कार्व्ह'. ए पहिल्यात ठेवू. आर दुसऱ्यात असेल तर 'आर्ग्यू'. तिसऱ्यात असेल तर 'अग्री', ई दोनदा. झाले सात.

आता त्यांकडे नीट बघा. सातांपैकी पाचांत जी आहे: लार्ज, बार्ज आणि रेंजमध्ये चौथ्या घरात, आर्ग्यूमध्ये तिसऱ्या, अग्रीमध्ये दुसऱ्या. म्हणून दुसरी चाल 'लार्ज'. पाचही हिरवे झाले तर डाव संपला. नुसता एल राखाडी आणि बाकी हिरवे म्हणजे 'बार्ज'. एल राखाडी, आर पिवळा, बाकी हिरवे म्हणजे 'रेंज'. ए, आर, जी तिघेही पिवळे म्हणजे 'आर्ग्यू'. ए आणि जी पिवळे पण आर हिरवा म्हणजे 'अग्री'. जी राखाडी झाला तर 'कार्व्ह' आणि 'फार्स' दोनच उरले, त्यांतला कोणताही आधी लावा. काही झाले तरी चौथ्या चालीला उत्तर हातात असते, आणि चाली मिळतात सहा.

आज रात्री मुलीसमोर वहीत पाच घरे आखून हाच डाव पुन्हा मांडून बघा. फक्त तोंडाने एकही शब्द म्हणायचा नाही, दोघांनीही.